खानदेशातील गावकामगार : मोबदला, जाब आणि कामाची मर्यादा

१

गावाच्या मालकीच्या संस्थेतील नोकराचे काम कशाने सुधारते आणि कशाने बिघडते, हा प्रश्न अलीकडे व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. वेतन, प्रशिक्षण, नेतृत्व, शिस्त, प्रेरणा आणि कामाची परिस्थिती अशी घटकांची यादी त्या शास्त्रात दिली जाते. इंडोनेशियात २०१४ च्या ग्राम-कायद्याने गावाच्या मालकीच्या उद्योगसंस्थांना नवे बळ दिले. चीनमध्ये १९७८ नंतरच्या दोन दशकांत गाव व नगर पातळीवरील उद्योगांनी कोट्यवधी माणसांना काम दिले. अशा संस्थांच्या वाढीबरोबर तेथील नोकरांच्या कामाचा विचारही वाढला. ही यादी चुकीची आहे असे नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक घटक जणू स्वतंत्रपणे वाढविता वा घटविता येतो, असे ती गृहीत धरते. गावाने नोकर ठेवण्याचा महाराष्ट्रातील इतिहास पाहिला म्हणजे हे गृहीत टिकत नाही.

महाराष्ट्रात गावाने नोकर ठेवणे ही ग्रामपंचायतीबरोबर वा सहकारी संस्थेबरोबर आलेली गोष्ट नव्हे. पाटील, कुलकर्णी, महार, जागल्या, सुतार, लोहार ही सर्व मंडळी कोणत्या ना कोणत्या अर्थाने गावाची नोकर होती. ‘गावकामगार’ हा शब्दच ह्याची साक्ष देतो. ‘कामगार’ म्हटले की आज गिरणीतील मजूर डोळ्यांपुढे येतो. परंतु जुन्या मराठी व्यवहारात कामगार म्हणजे अधिकारपदावरील मनुष्य, आणि गावकामगार पाटील म्हणजे गावाचा कारभार पाहणारा अधिकारी. अधिकारी आणि मजूर ह्या दोन्ही अर्थांच्या मध्ये हा शब्द उभा आहे, आणि गावच्या नोकराची स्थितीही बहुतेक काळ तशीच राहिली आहे.

ह्या विचारास जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका सोयीचा आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि पश्चिमेच्या अंगास अनेर नदी, अशा ह्या मुलखात काळ्या जमिनीची जुनी शेतकरी गावे आणि डोंगरपायथ्याच्या भिल्ल, तडवी व पावरा वस्त्या जवळजवळ आहेत. एका बाजूला बलुत्याची, दुसऱ्या बाजूला जागल्याची परंपरा; आणि आज त्याच गावांत ग्रामपंचायत, विविध कार्यकारी सोसायटी आणि चहार्डीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना ह्यांच्यासारख्या संस्था, असा हा क्रम एकाच भूमीवर पाहता येतो. ह्या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. गावच्या नोकराच्या कामाचा दर्जा त्याला मोबदला कोण व कशा रूपाने देतो, तो जाब कोणास देतो आणि त्याच्या कामाला मर्यादा आहे की नाही, ह्या तीन संबंधांवर ठरत आला आहे. हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे, एक दुरुस्त करताना दुसरा बिघडतो. आणि बिघाड मात्र नोकराच्या स्वभावाच्या नावे मांडला जातो.

२

बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा आश्रित होता की साऱ्या गावाचा नोकर होता, ह्यावर अभ्यासकांत बराच विचार झाला आहे. विल्यम वायझर ह्यांनी १९३६ साली उत्तर प्रदेशातील एका खेड्यावरून ‘जजमानी’ पद्धतीचे वर्णन केले. तेथे कारागीर विशिष्ट घराण्यांशी बांधलेला होता. हिरोशी फुकाझावा ह्यांनी १९७२ च्या लेखात अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखविले, की महाराष्ट्रातील बलुतेदार हा प्राधान्याने समग्र गावाने ठेवलेला सेवक होता. बलुत्याचा हक्क गावाने मान्य केलेला असे, तो वतन म्हणून वंशपरंपरा चाले, त्याची विभागणी होई आणि प्रसंगी तो विकलाही जाई. म्हणजे ‘गावाच्या मालकीचे काम’ ही कल्पना येथे आधुनिक कायद्याच्या फार पूर्वीपासून रूढ होती.

ह्या व्यवस्थेत काम चांगले होण्यास दोन कारणे होती. पहिले असे, की मोबदला पिकाशी जोडलेला होता. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. पीक बरे आले तर वाटा बरा, पीक बुडाले तर बलुतेही बुडे. नांगर, पाभर, मोट वेळेवर दुरुस्त होण्यात सुताराचे स्वतःचेही हित होते. दुसरे असे, की काम घेणारा व मोबदला देणारा एकच होता. वर्षभराच्या कामाचा हिशेब खळ्यावर समोरासमोर होई, आणि नाराजीही तेथेच व्यक्त होई.

काम बिघडण्यास कारणेही त्याच रचनेत होती. वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे कुशल बापाच्या जागी अकुशल मुलगा आला तरी गावाला दुसरा माणूस सहज नेमता येत नसे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात कुणब्याच्या बाजूने बलुत्याची जी चिकित्सा केली, तिचा मोठा भाग ह्या दोषाभोवती फिरतो. हक्क निश्चित आणि काम अनिश्चित असले म्हणजे कसब टिकत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मात्र आत्रे ज्या काळी लिहीत होते त्या काळी खळ्यावरचे नातेच सैल होत चालले होते. कापसासारखे नगदी पीक वाढले, रेल्वेने गिरणीचा माल आला, शहरातील मजुरी खुली झाली. धान्याच्या वाट्यावर उभी असलेली व्यवस्था रोकड पिकाच्या गावात कशी टिकणार, हा प्रश्न खानदेशाइतका क्वचितच दुसरीकडे तीव्र झाला असेल.

खानदेशातील ‘सालदार’ ह्या शब्दाशी तुलना केली म्हणजे बलुतेदाराचे वेगळेपण ध्यानात येते. सालदार हा एका शेतकऱ्याचा वर्षाच्या कराराने बांधलेला गडी; आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचे साल ठरते व संपते. त्याचा मालक एक, मुदत एक वर्ष आणि मोबदला ठरीव. बलुतेदाराला मालक अनेक आणि मुदत पिढ्यान् पिढ्यांची. सालदार बदलता येतो, बलुतेदार बदलता येत नाही. त्याचबरोबर सालदार गाव सोडून जाऊ शकतो. बलुतेदाराला गाव सोडणे म्हणजे वतन सोडणे होते. ‘वतन’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मायभूमी, राहण्याचे ठिकाण असा आहे. मराठीत तो वंशपरंपरागत हक्काला लागला, ह्यात नोकरी आणि वसती ह्यांची ही घट्ट गाठच व्यक्त होते.

३

सातपुड्याच्या पायथ्याशी ह्याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. खानदेशातील अनेक गावांत राखणीचे काम भिल्ल जागल्याकडे असे. गावाची व पिकाची राखण करणे, चोराचा माग काढणे आणि माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविणे, हे त्याचे काम. त्याबद्दल त्याला गावाकडून हक मिळत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी सत्तेतील कलहांनी, होळकरी फौजांच्या लुटीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने खानदेश उद्ध्वस्त झाला. गावेच ओस पडली तेव्हा गावाने द्यावयाचे हकही थांबले. त्यानंतर भिल्लांच्या लुटीचा जो काळ आला, त्याची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्लांच्या उपद्रवी स्वभावाची कथा म्हणून केली आहे. पण त्यांच्याच नोंदींतून हेही दिसते, की लुटणाऱ्यांपैकी पुष्कळजण पूर्वी राखणदार होते. जो माणूस वाटा माहीत असल्यामुळे राखण करीत होता, तोच त्या माहितीच्या बळावर लूट करू लागला. त्याचे कौशल्य तेच होते. मोबदल्याचा संबंध तेवढा तुटला होता.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांच्या धोरणानुसार कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांनी एकीकडे लष्करी बंदोबस्त केला आणि दुसरीकडे घाटवाटांच्या राखणीबद्दल भिल्ल नाइकांना नेमणुका करून दिल्या. केवळ बळाचा उपयोग पुरेसा झाला नाही. १८२५ मध्ये भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापण्यात आल्या आणि जेम्स आउट्रम ह्यांनी भिल्ल पलटण उभारली. तिचे मुख्य ठाणे तापीच्या दक्षिणेस, चोपड्यापासून फार दूर नसलेल्या धरणगाव येथे होते. ठरलेला पगार, निश्चित काम आणि एकच वरिष्ठ ह्यांच्या आधारावर त्या पलटणीने काही वर्षांत नाव मिळविले.

तथापि ह्या यशाची दुसरी बाजू विसरता येत नाही. जागल्या पूर्वी गावाला जाब देत असे. पलटणीतील शिपाई सरकारला जाब देऊ लागला. राखण सुधारली, पण ती गावाची राहिली नाही. येथून पुढे दीडशे वर्षे गावच्या नोकराच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. मोबदला नियमित व्हावा म्हणून नोकर वरच्या सत्तेकडे गेला, आणि मोबदल्याबरोबर जाबही वर गेला.

४

एल्फिन्स्टन ह्यांनी १८१९ च्या अहवालात दख्खनच्या ग्रामसंस्थांची प्रशंसा केली. सर चार्ल्स मेटकाफ ह्यांनी १८३० साली भारतीय खेड्यांना लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली. पुढे ह्या कल्पनेचा प्रभाव राष्ट्रीय विचारावरही पडला. गाव स्वतःचे नोकर स्वतः ठेवीत असे व त्यांचे काम सुरळीत चाले, असे चित्र त्यातून रूढ झाले. परंतु काम सुरळीत चालणे हा व्यवस्थेच्या चांगुलपणाचा पुरावा होऊ शकत नाही. ते कोणाच्या खर्चाने चालते, हेही पाहावे लागते. महार वतनाचा इतिहास ह्या बाबतीत निर्णायक आहे.

वेशीची राखण, सारा पोहोचविणे, निरोप नेणे, आल्यागेल्या अधिकाऱ्यांची सोय, शिवेच्या वादात साक्ष, मेलेली जनावरे ओढणे, अशी महारांची कामे मोजू गेल्यास संपत नाहीत. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने वतनाला कायद्याची चौकट दिली. पण कामाची यादी आणि वेळ मात्र मोकळीच ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदार महाराला दिवसा वा रात्री केव्हाही बोलाविता येते, तो हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला नेले जाते, आणि मोबदला मात्र बलुते देणाऱ्या रयतेच्या मर्जीवर राहतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म होते. बलुत्याऐवजी रोख रक्कम साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, कामे निश्चित करावीत आणि ज्याला चाकरीतून मुक्त व्हावयाचे असेल त्याला पूर्ण आकार भरून जमीन राखता यावी, असा त्या विधेयकाचा आशय होता. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

हे विधेयक सामाजिक समतेच्या इतिहासात योग्य रीतीने स्मरले जाते. श्रमाच्या इतिहासातही त्याला तितकेच महत्त्व आहे. मोबदला, जाब आणि मर्यादा ह्या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र हाताळलेल्या आहेत. केवळ बलुते वाढवा असे त्यात म्हटलेले नाही, कारण मर्यादा नसलेल्या कामाला कोणताही मोबदला पुरा पडत नाही. अशा कामासाठी मराठीत ‘वेठबिगार’ हा जोडशब्द आहे. त्यातील ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’पासून आला, ‘बिगार’ फारसीतून. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, आणि दोन्ही राजवटींचे शब्द एकाच श्रमावर जडले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा केला व तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद गेले. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीसपाटील आला. कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी त्यापूर्वीच येऊ लागला होता, आणि गावचा कोतवाल महसूल खात्याच्या हाताखाली गेला. जन्माने मिळणारे काम संपले, ही ह्या बदलाची खरी कमाई होय. परंतु गावाचे म्हणविणारे हे नोकर आता गावाने नेमलेले राहिले नाहीत.

५

गावाने नव्याने, स्वेच्छेने आणि जातीच्या आधारावाचून नोकर ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग सहकारी संस्थेत झाला. १९०४ च्या कायद्याने पतसंस्था निघाल्या. पण लहान गावाच्या संस्थेला पूर्ण वेळ सचिव परवडत नसे. हिशेब लिहिणे हे शिक्षकाचे वा अन्य कोणा साक्षर गृहस्थाचे जोडकाम होऊन बसे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालात, म्हणजे गोरवाला समितीच्या अहवालात, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के असल्याचे आढळले. सहकार अयशस्वी झाला आहे, तरी तो यशस्वी झालाच पाहिजे, हा त्या समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. तिने सुचविलेल्या उपायांत मोठ्या आकाराची संस्था आणि प्रशिक्षित, पगारी, पूर्ण वेळ सचिव हे दोन उपाय जोडीने येतात. सचिवाचा पगार परवडावा म्हणून संस्था मोठी हवी. संस्था मोठी झाली की एका गावाची राहत नाही. १९५८ साली राष्ट्रीय विकास परिषदेने गाव हाच सहकाराचा मूळ घटक मानण्याचे धोरण स्वीकारले, आणि प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला.

महाराष्ट्रात ह्यातून मध्यम मार्ग म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर सचिवांचा संवर्ग उभा राहिला. गटसचिव एकाहून अधिक सोसायट्यांचे काम पाहू लागला. त्याची नेमणूक व बदली जिल्ह्याच्या देखरेख संस्थेकडे गेली, त्याच्या पगारासाठी वर्गणी सोसायट्यांकडून जमू लागली. २००४ साली नेमलेल्या वैद्यनाथन समितीने सहकारी पतरचनेच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना ह्याच सामायिक संवर्गावर बोट ठेवले, आणि संस्थेने आपला नोकर आपणच नेमावा, असा अभिप्राय दिला. पन्नास वर्षांच्या अंतराने आलेल्या ह्या दोन अहवालांतील फरक मतांचा कमी आणि परिस्थितीचा अधिक आहे. १९५४ मध्ये उणीव मोबदल्याची व प्रशिक्षणाची होती, म्हणून उत्तर वरच्या पातळीवर शोधले गेले; त्या उत्तराने जाब वर नेला, म्हणून २००५ च्या अहवालाला तो खाली आणावा लागला.

६

ग्रामपंचायतीत आज हेच तिन्ही संबंध एकत्र पाहावयास मिळतात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला स्वतःचे नोकर नेमण्याचा अधिकार दिला. पाणी सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा, सफाई कामगार, शिपाई, लिपिक हे पंचायतीचे स्वतःचे कर्मचारी. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा ग्रामसेवक, ज्याच्या पदाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी हे नाव आले, तो मात्र जिल्हा परिषदेचा नोकर. एकाच कचेरीत एकाला निश्चित पगार व बदलीची तरतूद, दुसऱ्याला पंचायतीच्या तिजोरीचा भरवसा, अशी विषमता ह्या रचनेतच आहे. कर्मचाऱ्यांवरील खर्चाला पंचायतीच्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. किमान वेतन लागू झाले तेव्हा लहान पंचायतींना ते देता येईना, म्हणून राज्याने उत्पन्नाच्या प्रमाणात अनुदान देण्याची पद्धत आणली आणि तिला करवसुलीची अट जोडली. ही अट काढावी, ही कर्मचारी संघटनांची दीर्घकाळची मागणी राहिली.

वसुलीची अट वरवर पाहता कार्यक्षमतेचे साधन वाटते. परंतु तिची खळ्यावरील बलुत्याशी तुलना केली म्हणजे तिच्यातील अडचण कळते. बलुतेदाराचा वाटा पिकावर अवलंबून असे, आणि त्याचे कामही त्याच पिकाच्या उपयोगी पडे. पाणी सोडणाऱ्या माणसाचे पाणी वेळेवर सुटले तरी घरपट्टी भरली जाईलच असे नाही. पाऊस, कापसाचा भाव आणि गावातील राजकारण ह्यांवर वसुली ठरते. ज्या गोष्टीवर त्याचे नियंत्रण नाही तिच्याशी त्याचे वेतन बांधले, की अट कामाची कसोटी राहत नाही. ती जोखमीचे ओझे सर्वांत दुबळ्या माणसावर टाकण्याची रीत होते. पिकाची जोखीम बलुतेदारावर होती, तशी वसुलीची जोखीम आज पंचायतीच्या नोकरावर आली. फरक एवढाच, की बलुतेदाराला सुगीच्या वर्षी अधिक मिळे. पंचायतीच्या नोकराला वसुली शंभर टक्के झाली तरी ठरलेल्याहून अधिक मिळत नाही.

ह्या स्थितीचे प्रतिबिंब मोबदल्याच्या शब्दांत पडले आहे. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, ‘पैसे देणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून. त्यात देणे चुकते करण्याचा भाव आहे. ‘मुशाहिरा’ ह्या अरबी शब्दात महिना आहे, म्हणजे नियमितपणा आहे. ‘वेतन’ संस्कृत असून आज कायद्याचा शब्द झाला आहे. ‘मानधन’ ह्याचा इतिहास मात्र विलक्षण आहे. संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मानी पुरुष. मराठीत त्याचा अर्थ मान म्हणून दिलेली रक्कम असा झाला, आणि पोलीसपाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका अशा गावपातळीवरील पदांच्या मोबदल्याला तो शब्द लावण्यात आला. ज्याला मानधन मिळते तो नोकर नव्हे असे मानता येते, म्हणून त्याला किमान वेतनाचा हक्क सांगता येत नाही; पण काम मात्र नोकराप्रमाणेच घेता येते. बलुत्याच्या काळी गावच्या मर्जीवर असलेली मोबदल्याची अनिश्चिती अशा रीतीने शब्दाच्या आधाराने टिकून राहिली.

७

ह्या विवेचनावरून असे दिसते, की गावच्या संस्थेतील नोकराच्या कामाचे मूल्यमापन त्याच्यापासून सुरू करणे युक्त नव्हे. त्याचे वेतन कोणाच्या हाती आहे व ते त्याच्याच कामाशी जोडलेले आहे की परक्या कारणांशी. काम सांगणारा आणि वेतन देणारा एकच आहे की भिन्न. आणि त्याच्या कामाचा दिवस कोठे संपतो, ह्या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. जागल्याचा हक थांबला तेव्हा राखण थांबली. महाराच्या कामाला मर्यादा नव्हती तेव्हा त्याचे काम गावाला सर्वांत स्वस्त आणि त्याला स्वतःला सर्वांत महाग पडले. गटसचिव एका ठिकाणी जाब आणि दुसऱ्या ठिकाणी सेवा देऊ लागला तेव्हा दोन्ही ठिकाणी तक्रार उरली. ह्यांपैकी कोणत्याही प्रसंगी केवळ प्रशिक्षण वाढवून किंवा शिस्त कडक करून प्रश्न सुटला असता, असे इतिहास सांगत नाही.

गाव हा मालक म्हणून सरकारपेक्षा वा खाजगी धनीपेक्षा स्वभावतः अधिक न्यायी असतो, हेही ह्या इतिहासाने सिद्ध होत नाही. सामुदायिक मालकीत नोकर सर्वांचा असतो, म्हणून त्याला काम सर्वच सांगतात. त्याच्या वेतनाची जबाबदारी मात्र सर्वांची म्हणून कोणा एकाची राहत नाही. चोपडा तालुक्यातील ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, सोसायट्यांची पगारपत्रके आणि वतनाचे जुने कागद एकत्र ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाने ही दोन टोके प्रत्येक नोंदीत शोधावीत. काम सांगण्याचा अधिकार कोणाकोणाचा होता, हे त्या नोंदींत सहज सापडते. वेतन थकले तेव्हा उत्तर द्यावयास कोण बांधलेला होता, हे ज्या नोंदीत सापडेल तेथूनच गावच्या नोकराच्या कामाचा खरा इतिहास लिहिता येईल.